खेळायचा रणगाडा शोकेससाठी बांधू नकोस

तुझा प्रश्न थोडक्यात असा: राजारामपुरीत तुम्ही चौघे मित्र दर रविवारी १९६५ च्या भारत-पाक युद्धातली असल उत्तरची रणगाड्यांची लढाई टेबलावर खेळता. त्यासाठी तू किटमधून १/७२ चा, म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या हिश्श्याचा, शर्मन रणगाडा बांधलास, बॉक्सवरच्या चित्रासारखा झालाही. दुसऱ्याच रविवारी त्याच्या तोफेची नळी मोडली, तिसऱ्या रविवारी एका बाजूचा पट्टा निसटला, आणि आता कोपऱ्यांवरचा हिरवा रंग जाऊन खालचं करडं प्लास्टिक दिसायला लागलंय. पुढचं किट महागातलं घेऊ का, आणि किटवर लिहिलेला शर्मनचा प्रकार आपल्या लष्कराकडं होता का, असं विचारतोयस.

महागातलं घेऊ नकोस. किटात खोट नाही. शोकेसमधल्या मॉडेलला वर्षातून दोनदा हात लागतो, तोही धूळ पुसायला. खेळातला रणगाडा एका डावात तीस-चाळीस वेळा उचलला जातो, भडंग खाऊन तेलकट झालेल्या बोटांनी, आणि समोरचा भिडू तो कायम टरेटला, म्हणजे वरच्या फिरत्या बुरुजाला, धरूनच उचलतो. तू टेबलावर ठेवायची वस्तू कपाटात ठेवायच्या वस्तूसारखी बांधलीस, एवढंच झालंय.

माझं पॅटर्न शॉप उद्यमनगरात आहे. पोटासाठी फौंड्रीचे लाकडी पॅटर्न करतो आणि गेली पंचवीस वर्षं जेवणं उरकली की हा उद्योग. त्यामुळं किट उघडलं की मला आधी कास्टिंगच दिसतं. ज्या काड्यांना भाग लटकलेले असतात ते रनर, दोन साचे जिथं भेटतात ती पार्टिंग लाइन, आणि साच्यातून भाग ढकलून काढणाऱ्या पिनांचे गोल खड्डे. फौंड्रीत कास्टिंग बाहेर आलं की फेटलिंग, म्हणजे जास्तीचं काढून साफसफाई, होतं, तसंच इथंही. भाग रनरपासून तोडताना थोडं मांस शिल्लक ठेवून तोडायचा, मग ते कानशीनं उतरवायचं. गुजरीत सोनारी हत्यारं मिळतात तिथं बारीक कानशींचा सेट घे, एकदा घेतलास की दहा वर्षं बघायला नको. पार्टिंग लाइन मात्र कानशीनं घासत बसू नकोस. ब्लेड उभं धरून त्याची धार अंगाकडं ओढत खरवडायचं, कुरकुर असा आवाज येतो आणि केसासारखी साल निघते. हे नळीवर, टरेटवर आणि वरच्या पत्र्यावर कर. पोटाखालचे खड्डे, चाकांच्या आतल्या बाजूच्या रेषा सोडून दे. टेबलावर रणगाडा तीन फुटांवरून आणि वरूनच दिसतो. पोटाखाली पुट्टी भरणाऱ्यांना मी बघितलंय, त्यांचे रणगाडे कधी लढाईला येत नाहीत.

हे सगळं करायच्या आधी एक काम, जे तू बहुतेक केलं नाहीस. पूर्ण रनर भांड्याच्या लिक्विड सोपनं, कोमट पाण्यात, जुन्या टूथब्रशनं धू. साच्यातून भाग सुटावा म्हणून जे काही फासलेलं असतं त्याचा अंश प्लास्टिकवर राहतो. त्यावर मारलेला रंग पकडत नाही.

आता चिकटवणं. तू फेविक्विक वापरलंस ना? पट्टा निसटला तो त्यामुळं आणि नळीही त्यामुळंच. फेविक्विक दोन पृष्ठभागांच्या मध्ये कडक काचेसारखा थर होऊन बसतं. सरळ ओढलंस तर दाद देत नाही, पण आडवा धक्का बसला, टेबलावरून खाली पडलं, की टक्कन सुटतं. किटचं प्लास्टिक पॉलिस्टायरीन असतं. त्याला मॉडेलवाल्यांचं पातळ सिमेंट लागतं, ज्यात ब्युटाइल अ‍ॅसिटेट, अ‍ॅसिटोन असली द्रावकं असतात. ते चिकटवत नाही, विरघळवतं. दोन्ही कडा मऊ होऊन एकमेकींत मिसळतात आणि द्रावक उडून गेलं की जोड उरतच नाही, एकच तुकडा होतो. वेल्डिंगच म्हण.

वापरायची रीतही वेगळी. आधी भाग कोरडेच जुळवून हातात धरायचे, मग ब्रशचं टोक फटीला नुसतं टेकवायचं. सिमेंट आपसूक फटीत धावत जातं, डोळ्यांदेखत. मग दहा सेकंद थांबून दोन्ही बाजूंनी हलकं दाबायचं. फटीतून वितळलेल्या प्लास्टिकची बारीक मणीसारखी कड वर आली की जोड भरला असं समजायचं. ती कड पुसायला जाऊ नकोस, बोटाचा ठसा कायमचा उमटेल. दुसऱ्या दिवशी ब्लेडनं खरवडून टाक. धडाचे मोठे जोड रात्रभर रबर बँड लावून ठेव. नेमप्लेटवाले अ‍ॅक्रिलिक जोडायला क्लोरोफॉर्म वापरतात, ते आणू का असं मला दरवर्षी कुणीतरी विचारतं. घरात, खिडकी बंद करून, लहान पोरं आजूबाजूला असताना अजिबात नको. पातळ सिमेंटलाही पंखा चालू आणि खिडकी उघडी ठेवूनच बस.

फेविक्विक टाकून देऊ नकोस. धातू आणि प्लास्टिकचा जोड असेल तिथं तेच लागतं, आणि तो जोड नळीत येतो.

नळी का मोडते ते बघ. १/७२ मध्ये शर्मनच्या नळीचं टोक जेमतेम दीड मिलिमीटरच्या आसपास. मोडते ती टोकाला नाही, टरेटला मिळते त्या मुळाशी, कारण सगळा जोर तिथं येतो. तू नळी परत चिकटवलीस तर ती परत तिथंच मोडणार. त्यामुळं तिच्यात हाड घालायचं. साधी टाचणी घे. नळीच्या मागच्या तोंडावर बरोबर मध्यभागी सुईनं एक टोचा मार, नाहीतर ड्रिल घसरतं. मग पिन वाइसमध्ये, म्हणजे हातानं फिरवायच्या छोट्या ड्रिलच्या मुठीत, टाचणीपेक्षा किंचित मोठं ड्रिल लावून बोटांनीच फिरवत सात-आठ मिलिमीटर आत जा. दर दोन वळशांनी बाहेर काढून भुसा झटक. मशिन लावायचं नाही, प्लास्टिक तापून वितळतं आणि ड्रिलला गुंडाळतं. समोरच्या भागात, टरेटच्या बाजूला, तसंच भोक पाड. टाचणीचा पंधरा मिलिमीटरचा तुकडा तोडून आधी नळीत फेविक्विकनं बसव, वाळू दे, मग टरेटमध्ये. दुसऱ्या भोकात थोडी ढिलाई ठेव म्हणजे नळी सरळ करायला जागा राहते. मी अशी हाडं घातलेले रणगाडे फरशीवर पडलेले बघितलेत. नळी वाकते, बोटानं सरळ केली की झालं.

नळी पूर्णच हरवली असेल तर औषधाच्या दुकानातून १८ नंबरची सुई आण, तिची बाहेरची जाडी १.२७ मिलिमीटर. पकडीनं तोडू नकोस, तोंड चेपतं. सपाट कानशीच्या कडेवर गोल गोल फिरवून खाच पाड आणि हलकं वाकवून मोड. टोकदार भाग लगेच कागदात गुंडाळून टाक, घरात कुणाच्या पायात जायला नको.

पट्ट्यांचं दुखणं प्लास्टिकच्या जातीतच आहे. किटातले मऊ रबरी पट्टे पॉलिस्टायरीन नसतात, त्यामुळं सिमेंट त्यांच्यावर काहीच करत नाही. काही किटांतल्या मऊ पट्ट्यांतला मऊपणा आणणारा पदार्थ वर्षानुवर्षं चाकांना लागून राहिला तर चाकं चिकट होऊन वितळतात, म्हणून आधी चाकं रंगवून पूर्ण वाळव, मगच पट्टा चढव. टोकं जोडायला पट्टा नायलॉनच्या दोऱ्यानं शिव, दोन टाके आडवे. शिवण वर, मडगार्डच्या आड येईल अशी फिरव. मग फेविक्विकचे थेंब चाकांच्या वर आणि खाली टेकवून पट्टा चाकांनाच पक्का कर. चाकं फिरली पाहिजेत हा हट्ट सोड. टेबलावर रणगाडा हातानं उचलून ठेवतात, कुणी ढकलत नेत नाही, आणि ढकलला तर पट्टाच पहिला जातो.

वजन. रिकाम्या प्लास्टिकच्या रणगाड्याला पट्टीचा धक्का लागला की तो जागेवरून हलतो, मग माप कुठून होतं यावरून अर्धा तास भांडण. उद्यमनगरात कास्टिंग साफ करायला पोलादी शॉट, म्हणजे गोळ्या, वापरतात, ज्वारीच्या दाण्याहून बारीक. ओळखीच्या कुणाकडून मूठभर माग, नाहीतर छोटे नट चालतील. धडात टाकून अराल्डाइट ओत, पण एका दमात नको. जाड थर तापतो आणि पत्रा वाकवतो. दोनदा, तीन-तीन मिलिमीटरनं. फेविकॉल ओतायचा मोह होईल, स्वस्त असतं म्हणून. पाण्याचं असल्यामुळं पोलाद आत गंजत राहतं, आणि माशांच्या गळाचं शिसं घातलंस तर पांढऱ्या गमाशी ते वर्षा-दोन वर्षांत फुलतं आणि जोड उसवतात.

टरेटला किटात दोन कान दिलेले असतात. फिरवून फिरवून ते झिजतात आणि उचलताना धड खाली पडतं. कान कापून टाक. धडात आणि टरेटमध्ये पाच मिलिमीटर व्यासाचं एकेक चुंबक बसव. सगळ्या रणगाड्यांत चुंबकाची एकच बाजू वर यायला हवी, म्हणून चिकटवण्याआधी मार्करनं खूण कर. मी एकदा खूण न करता चार रणगाडे भरले. त्यातल्या दोघांची टरेटं एकमेकांच्या धडावर बसायची, स्वतःच्या धडावर नाही. चुंबकाचा आणखी एक फायदा: रणगाडा उडाला की टरेट काढून तिथं काळा कापूस ठेवता येतो.

अँटेनाला तार लावू नकोस. कपडे धुवायच्या ब्रशचा नायलॉनचा एक केस लाव. वाकतो आणि परत उभा राहतो. टेबलावर वाकून बघणाऱ्याच्या डोळ्यासाठीही तेच बरं.

शर्मनच्या प्रकाराचं म्हणशील तर आपल्या लष्कराकडं तो एकच एक नव्हता. काहींवर ७५ मिलिमीटरची जुनी तोफ होती, काहींवर लांब नळीची ७६ मिलिमीटरची. असल उत्तरला आपल्या रेजिमेंटांपैकी डेक्कन हॉर्सकडं शर्मन, थर्ड कॅव्हलरीकडं सेंच्युरियन आणि एट्थ लाइट कॅव्हलरीकडं एएमएक्स-१३ रणगाडे होते, समोर पाकिस्तानचे पॅटन. तुझ्या किटवर कुठलाही प्रकार लिहिलेला असो, मी इंजिनच्या झाकणासारख्या बारीक फरकावरून जीव टाकणार नाही. नळीची लांबी बरोबर असू दे, कारण समोरचा खेळाडू तेवढंच बघून ओळखतो. सेंच्युरियनचे बाजूचे पत्रे, पॅटनचं अंड्यासारखं गोल टरेट, एएमएक्सचं मागं बसलेलं टरेट, हे सहा फुटांवरून कळतं. मात्र एकाच प्रकारचे दोन रणगाडे एक १/७२ आणि एक १/७६ असे शेजारी ठेवू नकोस. साडेपाच टक्क्यांचा फरक वेगवेगळ्या रणगाड्यांत खपून जातो, जुळ्या भावांत नाही.

रंगाला आपल्याकडं मुहूर्त बघावा लागतो. स्प्रे प्रायमर आणि मॅट, म्हणजे बिनचमकीचं, व्हार्निश मे संपायच्या आत किंवा दसऱ्यानंतर. महापुराच्या वर्षी, २०१९ च्या जुलैत, मला घाई होती. बाहेर नुसती झड लागलेली, भिंतींना घाम, आणि मी गच्चीच्या जिन्यात उभा राहून चार रणगाड्यांवर मॅट व्हार्निश मारलं. पाच मिनिटांत चारही रणगाडे भाकरीच्या पिठात लोळवल्यासारखे पांढरे. हवेतलं पाणी थरात अडकतं, बाकी काही नाही. कोरड्या दिवशी वरून ग्लॉस, म्हणजे चमकीच्या, व्हार्निशचा पातळ हात दिला तेव्हा तीन परत दिसायला लागले, चौथा नाही. तो आता उडालेला रणगाडा म्हणून टेबलाच्या कोपऱ्यात असतो. पावसाळ्यात करायचंच असेल तर ब्रशनं कर. कंप्रेसर घ्यावा का या विचारात असशील तर गणपतीच्या आधी शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत एक संध्याकाळ उभा राहा. मूर्तीच्या गालावर रंग किती पातळ, किती लांबून आणि किती हलक्या हातानं मारतात ते बघ. तेवढं शिकवणारं दुसरं काही मला मिळालं नाही.

गाड्यांच्या टचअपचा प्रायमर चालतो, पण वीस-पंचवीस सेंटिमीटरवरून, पातळ, दोन-तीन फेऱ्यांत. जवळून ओला मारलास तर त्यातलं थिनर प्लास्टिकच खातं. आधी रनरच्या तुकड्यावर मारून बघ. वर कॅमलचे अ‍ॅक्रिलिक चालतात, मात्र दुधाइतके पातळ करून दोन-तीन हात. त्या वेळचे आपले रणगाडे गडद हिरवे, पण ट्यूबलाइटखाली एवढ्याशा वस्तूवर गडद रंग काळा दिसतो, म्हणून एक पायरी उजळ घे. उजळ करायला पांढरा घालू नकोस, पुदिन्याची चटणी होते. पिवळा ऑकर घाल. ग्लॉसचा एक हात देऊन, बर्न्ट अंबर ऑइल कलर टर्पेंटाइनमध्ये चहाच्या पाण्याइतका पातळ करून फक्त सांध्यांतून सोड. पूर्ण रणगाड्याला आंघोळ घालू नकोस.

धुळीच्या बाबतीत कोल्हापूरकरांची एक ठरलेली चूक आहे, मीही केली. पन्हाळ्याची तांबडी माती चाळून लावतात. दिसते झक्कास, पण असल उत्तर जिथं आहे ते खेमकरण पंजाबात आहे, तिथली गाळाची माती फिकट करडी-पिवळसर. खडूचा भुगा ऑकर आणि करड्यात मिसळून लाव. अहिल्यानगरचं रणगाडा संग्रहालय बघितलं नसशील तर एकदा जाऊन ये. शर्मन, सेंच्युरियन, एएमएक्स आणि पकडलेला पॅटन एकाच आवारात बघायला मिळतात. आकार, सांधे, चाकांची रचना यांचे फोटो काढ. रंगाचे काढू नकोस, उघड्यावरच्या वस्तूला गंजू नये म्हणून जाड रंग दिलेला असतो, तो लढाईतला नव्हे.

शेवटी व्हार्निश: आधी ग्लॉसचे दोन हात, ते झिजायचे, आणि वर मॅटचा एक, तो दिसायचा. नुसतं मॅट मऊ असतं. कोपऱ्यांवर रंग पातळ बसतो म्हणून तिथं आधी एक जास्तीचा हात दे, आणि कडांना गडद तपकिरी खरचटे तूच काढून ठेव. मग पुढं रंग उडाला तरी मुद्दाम केल्यासारखा वाटतो.

रणगाड्याला खाली पाट लावू नकोस, जीपला मात्र लाव. १० सप्टेंबर १९६५ ला अब्दुल हमीद ज्या १०६ मिलिमीटर रिकॉइललेस तोफेच्या जीपवरून लढले, ती जीप १/७२ मध्ये दोन बोटांत मावते आणि तोफेची नळी बाहेर आलेली असते. दोन मिलिमीटरच्या एमडीएफवर पक्की कर, म्हणजे हात पाटाला लागेल, तोफेला नाही.

तुमच्या टेबलावर ऊस आहे का, हे तू लिहिलं नाहीस. त्याशिवाय असल उत्तर होत नाही. आपले रणगाडे उसात दडून बसले होते, आणि कालवे फोडून भिजवलेल्या शेतांत पॅटन रुतले. शर्मन २.७४ मीटर उंच, म्हणजे १/७२ मध्ये ३८ मिलिमीटर. एम-४८ पॅटन ३.१ मीटर, म्हणजे ४३. ऊस चाळीस मिलिमीटरचा केलास तर शर्मन पूर्ण झाकतो आणि पॅटनचं डोकं वर राहतं, कुणाला नियम समजावून सांगायला नको. शिंदीच्या केरसुणीच्या पात्या कापून, हिरव्या रंगवून, दोन सेंटिमीटर रुंदीच्या थर्माकोलच्या पट्ट्यांत रोव. रणगाडा आत शिरला की पट्टी काढायची, बाहेर पडला की परत ठेवायची. केरसुणी दुकानातून नवी आण. मी लक्ष्मीपूजनाची घरातली घेतली होती, दिवाळीला चारच दिवस झाले होते, आणि आईला ते ऊस लावून झाल्यावर कळलं.